सौर प्रकल्पासाठी गावातली जागा नकाशावर शोधताना: गटनकाशापासून ग्रामसभेपर्यंत, क्रमाने

गावच्या माळावर सौर प्रकल्प बसेल का, हे बघायला बसलेले बहुतेक जण आधी गुगल अर्थ उघडतात, माळावर पिन टोचतात, विजेच्या उपकेंद्रापर्यंतचं अंतर काढतात आणि बोटाने आखलेल्या चौकोनाचे एकर ठरावात लिहून मोकळे होतात. कागद निघायला लागले की कळतं, निम्मा गट वनखात्याचा आहे, मधून पाणंद जाते आणि बारा एकर म्हणून लिहिलेली जागा भरते पावणेअकरा एकर. यात बटण चुकलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो. आधी बाद करायचं, मग मोजायचं आणि निवड सगळ्यांत शेवटी.

खाली एका गावासाठीची पद्धत दिली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत बसतील असे अर्धा ते पाच मेगावॉटचे प्रकल्प समोर ठेवले आहेत. नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस, ते मोफत आहे. त्याची सर्वांत नवी आवृत्ती घेऊ नका, दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारी स्थिर आवृत्ती घ्या. गावातल्या दोन संगणकांवर वेगवेगळ्या आवृत्त्या असल्या तर एकाची फाइल दुसऱ्यावर नीट उघडत नाही.

## १. संगणक सुरू करण्याआधी अटी लिहून काढा

एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर, म्हणजे १.६ ते २ हेक्टर सलग जागा लागते. महाराष्ट्रात एक मेगावॉटमधून वर्षाला ढोबळमानाने १५ ते १६ लाख युनिट वीज मिळते. तेव्हा गावाच्या शेतीपंपांच्या वाहिनीवर किती भार आहे हे महावितरणकडून आधी विचारून घ्या आणि किती मेगावॉट हवे ते त्यावरून ठरवा. 'जेवढी जागा मिळेल तेवढं' असं म्हणून सुरुवात केली तर नकाशा कुठेच थांबत नाही.

मग चार आकडे एका कागदावर लिहा: किमान सलग क्षेत्र, उपकेंद्रापासून जास्तीत जास्त अंतर, चालेल तेवढा उतार आणि पट्ट्याची किमान रुंदी. योजनेत खासगी जमिनीसाठी उपकेंद्रापासून ५ किलोमीटर आणि सरकारी जमिनीसाठी १० किलोमीटरची त्रिज्या धरतात. तरीही अर्जाच्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय छापून फाइलला लावा. अटी बदलत राहतात. उताराला ५ अंश ही चांगली मर्यादा. लक्षात ठेवा, ५ अंश म्हणजे ५ टक्के नव्हे, जवळजवळ पावणेनऊ टक्के. नकाशात अंश आणि अहवालात टक्के हा घोळ फार वेळा दिसतो.

एक काम सोडून दिलं तरी चालेल: गावातल्या कोणत्या शेतावर ऊन जास्त पडतं याचा नकाशा. एका गावाच्या हद्दीत हा फरक नगण्य असतो. सौर किरणांचा रंगीत नकाशा सादरीकरणात छान दिसतो, निवडीत त्याचा उपयोग नाही.

## २. कागद आणि डेटा गोळा करा

हे आधी हातात घ्या:

- गावनकाशा किंवा गटनकाशाची भूमी अभिलेख कार्यालयातून घेतलेली प्रत. महाभूनकाशा संकेतस्थळावरचा नकाशा चाळायला उत्तम आहे, पण डाउनलोड केलेली पीडीएफ आपोआप जमिनीवर योग्य जागी बसेल असं धरू नका.
- माळाच्या भागातल्या सर्व गटांचे सातबारा, आणि गावचा आकारबंद, म्हणजे गाव नमुना नंबर एक.
- भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा. नोंदणी केली की तो मोफत उतरवता येतो.
- उंचीचा डेटा: कोपर्निकसचा ३० मीटरचा किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावरचा कार्टोडेम.
- सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं. त्यांचा पिक्सेल १० मीटरचा असतो. एक पावसाळा संपताच ऑक्टोबरातलं, एक फेब्रुवारीतलं आणि एक मेमधलं, अशी तीन हवीत.

मेमधल्या एकाच चित्रावर भागवू नका. मेमध्ये सगळाच माळ पडीक दिसतो. फेब्रुवारीच्या चित्रात जिथे हिरवं दिसतं तिथे पाणी पोचतं. ती बागायत आहे, यादीतून काढा. हिरवाईचा निर्देशांक, म्हणजे एनडीव्हीआय, उपग्रहचित्रातला पट्टा ८ (जवळचा अवरक्त प्रकाश) आणि पट्टा ४ (लाल प्रकाश) यांची वजाबाकी भागिले बेरीज असा निघतो. फेब्रुवारीत तो ०.४ च्या वर असलेली जमीन सौर प्रकल्पाला सुचवणं म्हणजे भांडण ओढवून घेणं.

सावधान: पार्श्वभूमीला लावलेलं गुगलचं किंवा बिंगचं चित्र आजचं नसतं. कधी कधी ते तीन-चार वर्षांपूर्वीचं निघतं. नवी विहीर, शेततळं, डाळिंबाची बाग त्यात नसेल. चित्राची तारीख गुगल अर्थमध्ये दिसते. ती नोंदवून ठेवा.

## ३. प्रक्षेपण ठरवा, आणि मग त्याला हात लावू नका

प्रक्षेपण म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याची पद्धत. सर्वांत महाग चूक इथे होते, म्हणून जरा सावकाश.

यूटीएम हे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण. महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. हा पट्टा ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशाचा, त्याचा सांकेतिक क्रमांक ईपीएसजी ३२६४३. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, जवळजवळ सगळा मराठवाडा आणि अगदी अमरावती शहरही यात बसतं. यवतमाळ, वर्धा, नागपूर, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली ही शहरं ७८ अंशांच्या पूर्वेला आहेत. त्यांना ४४ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४४. अमरावती, यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांतून ही सीमारेषा जाते, म्हणून तिथे जिल्ह्यावर न जाता गावाचा रेखांश बघा.

प्रकल्प उघडल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात जो क्रमांक दिसतो तो हाच हवा. पार्श्वभूमीचं उपग्रहचित्र लावताच क्यूजीआयएस बऱ्याचदा स्वतःच ३८५७ घेतं. ते वेब मर्केटर, ऑनलाइन नकाशांचं प्रक्षेपण. दिसायला त्यात काही खटकत नाही, पण क्षेत्रफळ फुगतं. १९ अंश अक्षांशावर, म्हणजे साधारण अहिल्यानगरच्या पट्ट्यात, सुमारे १२ टक्के. कोल्हापूरच्या जवळ नऊ-दहा टक्के, नागपूरकडे पंधरा टक्क्यांच्या आसपास. सुरुवातीच्या उदाहरणातले पावणेअकरा एकर 'बारा' झाले ते असेच. अंतरही सुमारे सहा टक्के फुगतं. म्हणजे या प्रक्षेपणात काढलेलं पाच किलोमीटरचं वर्तुळ प्रत्यक्षात ४.७ किलोमीटरचं असतं आणि कडेचे पात्र गट विनाकारण बाहेर पडतात.

दुसरी चूक ४३२६ मध्ये, म्हणजे अंशांतल्या थरावर, बफर (ठरावीक अंतरापर्यंतचा पट्टा) काढण्याची. ५००० लिहिलं की क्यूजीआयएस ते ५००० अंश समजतं आणि पडदा रिकामा होतो किंवा एकरंगी होतो. एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा असतो. यावर ०.०४५ अंश लिहिण्याची युक्ती सांगणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. थर आधी ३२६४३ मध्ये 'रीप्रोजेक्ट' करून नव्या फाइलमध्ये साठवा, मग मीटरमध्ये काम करा.

'सेट लेअर सीआरएस' आणि 'रीप्रोजेक्ट' ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं फक्त लेबल बदलतं, दुसरं आकडे खरोखर बदलतं. लेबल चुकीचं लागलं की थर आफ्रिकेजवळच्या समुद्रात जाऊन पडतो.

पडताळणी: ज्याची लांबी माहीत आहे अशी एखादी गोष्ट मोजा. शाळेचं मैदान टेपने मोजा आणि तेच पडद्यावर मोजा. शंभर मीटरमागे दोन-तीन मीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका.

सगळे थर एकाच जिओपॅकेज फाइलमध्ये ठेवा. शेपफाइल या जुन्या फाइलप्रकारात रकान्याचं नाव दहा अक्षरांतच तुटतं, मराठी मजकुराचे चौकोन होतात, आणि चार फाइलींपैकी एक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची राहिली की थर नीट उघडत नाही.

## ४. गटनकाशा जमिनीवर बसवा

नकाशाचा मोबाइलने फोटो काढू नका. भिंगामुळे कडा वाकतात आणि तो बाक पुढे कुठल्याही गणिताने पूर्ण निघत नाही. सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयला स्कॅन करा. जुने गावनकाशे बहुधा १:७९२० प्रमाणात असतात, म्हणजे ३३ फुटी साखळीच्या वीस साखळ्या एका इंचात. या प्रमाणात कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर होतो. अर्धा मिलिमीटर जाडीची शाईची रेघच चार मीटरची बांधपट्टी झाली. नकाशाकडून त्याहून बारीक अचूकतेची अपेक्षा ठेवू नका.

'लेअर' मेनूतलं 'जिओरेफरन्सर', म्हणजे स्कॅन केलेला नकाशा जमिनीवरच्या जागी बसवणारं साधन, उघडा आणि असं करा:

१. बारा ते पंधरा संदर्भबिंदू निवडा. चारही कोपऱ्यांत दोन-दोन, बाकीचे मध्यभागी. सगळे बिंदू गावठाणाजवळ घेतले तर शिवेकडचे गट तीस-चाळीस मीटर सरकतात.

२. बिंदू म्हणून तीन बांध मिळतात ती जागा, जुनी दगडी विहीर, शिवेचा दगड, जुनं देऊळ घ्या. ओढ्याचं वळण, रस्त्याची कड आणि गावठाणाची हद्द घेऊ नका. ओढा सरकतो, रस्ता रुंद होतो, गावठाण वाढतं.

३. सगळ्या बिंदूंचा संदर्भ एकच ठेवा: एक तर उपग्रहचित्र, नाही तर जीपीएस. उपग्रहचित्र स्वतःच काही मीटर सरकलेलं असू शकतं. अर्धे बिंदू इथून आणि अर्धे तिथून घेतले की नकाशा पिळला जातो.

४. परिवर्तन 'पॉलिनॉमिअल १', पुनर्नमुना पद्धत 'निअरेस्ट नेबर', प्रक्षेपण वर ठरवलेलंच.

५. बिंदूंची फाइल वेगळी साठवा. पुढे कुणी शंका काढली तर तोच पुरावा.

चूक कमी दिसावी म्हणून 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडण्याचा मोह होतो. त्यात उरलेली चूक शून्य दिसते, कारण ही पद्धत प्रत्येक बिंदू ओढून जागेवर बसवते, चुकीचा बिंदूसुद्धा. घडी पडलेल्या, ताणलेल्या कागदासाठी ती कधी तरी वापरावी लागते, पण आधी पॉलिनॉमिअल १ ने कोणता बिंदू फसवा आहे ते शोधून काढल्यावरच.

पडताळणी: चार-पाच बिंदू जिओरेफरन्सरला न देता बाजूला ठेवा आणि नकाशा बसल्यावर त्या ठिकाणी किती फरक येतो ते मोजा. खरी परीक्षा हीच. १:७९२० च्या नकाशाला पाच ते आठ मीटर फरक चांगला. पंधरा मीटरच्या वर गेला तर बहुधा एखादा बांध ओळखण्यात गफलत झालेली असते. एकत्रीकरण होऊन गट पडले असतील आणि हातात जुना सर्व्हे नंबरांचा नकाशा असेल, तरीही असंच होतं.

## ५. गट आखा, सातबारा जोडा

आखताना 'स्नॅपिंग' (नवी रेघ जवळच्या जुन्या रेघेला आपोआप चिकटणं) चालू ठेवा, दहा ते बारा पिक्सेलवर, आणि 'अव्हॉइड ओव्हरलॅप' निवडा. नाही तर शेजारच्या दोन गटांमध्ये केसाएवढ्या फटी राहतात आणि पुढे सलग क्षेत्र काढताना तुकडे पडतात. आखून झाल्यावर 'टोपोलॉजी चेकर'मध्ये दोन नियम लावा: गट एकमेकांवर नकोत, मध्ये फट नको.

आता सातबाऱ्याचा तक्ता. घोळ सगळ्यांत जास्त इथेच होतो, आणि त्याचं मूळ एक्सेल.

गट नंबर १२/१ लिहिला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. तुम्हाला दिसतं '१२-जाने' किंवा '१-डिसें', आणि मूळ नंबर परत मिळत नाही. रकाना आधी 'टेक्स्ट' करा, मगच लिहायला सुरुवात करा. नकाशात गट इंग्रजी आकड्यांत आणि तक्त्यात देवनागरी आकड्यांत असेल तर दोन्ही जुळत नाहीत. एकच लिपी ठरवा. '४५/१/अ' आणि '४५/१ अ' हेसुद्धा संगणकाला दोन वेगळे गट वाटतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. सीएसव्ही साठवताना यूटीएफ-८ निवडा.

सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं असतं. १.२०.५० म्हणजे १२,०५० चौरस मीटर. तीन वेगळ्या रकान्यांत लिहून चौरस मीटरचा चौथा रकाना सूत्राने काढा. आर आणि गुंठा एक समजू नका: आर १०० चौरस मीटरचा, गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. एका गटात फरक किरकोळ. पन्नास एकरांच्या हिशेबात सुमारे २,३४० चौरस मीटरची तफावत येते.

एका गटाचे अनेक पोटहिस्से असतील तर सातबारेही तितकेच. नकाशात मात्र बहुभुज एकच. क्यूजीआयएसचा साधा 'जॉइन' त्यातली एकच ओळ उचलतो आणि बाकीचं क्षेत्र गुपचूप गळतं. तक्त्याची गटवार बेरीज आधी करा, मग जोडा.

पडताळणी: नकाशावरचं क्षेत्र आणि सातबाऱ्यावरचं एकूण क्षेत्र शेजारी ठेवा. एकूण म्हणजे लागवडीयोग्य अधिक पोटखराबा. नुसत्या लागवडीयोग्य क्षेत्राशी ताडून 'नकाशा चुकला' म्हणणारे पुष्कळ आहेत. पाच टक्क्यांहून जास्त फरक असलेले गट वेगळ्या रंगात दाखवा आणि आकारबंदाशी ताडा. काही गट मोठे आणि शेजारचे तेवढेच लहान निघाले तर बांध चुकीच्या रेघेवर आखला गेला आहे. सगळे गट एकाच प्रमाणात मोठे निघाले तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा.

## ६. बाद जमीन आधी काढा

इथे गुण देऊन बेरीज करू नका. उतार चांगला म्हणून दहा गुण, रस्ता जवळ म्हणून दहा, वनजमीन म्हणून वजा पाच, अशा हिशेबात वनातला गटसुद्धा पहिला येऊ शकतो. दोनच थर करा: लाल म्हणजे बाद, पिवळा म्हणजे परवानगी लागेल.

लालमध्ये राखीव व संरक्षित वन, सामूहिक वनहक्काचं क्षेत्र, देवराई, स्मशानभूमी, पाझर तलावाचं बुडीत क्षेत्र आणि नदीची निळी पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन रेषांमधला पट्टा पिवळ्यात टाका. या रेषा जलसंपदा विभागाकडून मिळतात, उपग्रहचित्रावरून स्वतः आखू नका. केंद्रीय संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर लाल आणि त्यापुढचे २०० मीटर पिवळे. उच्चदाब वाहिनीखालचा पट्टाही लाल: १३२ केव्हीला एकूण २७ मीटर, २२० केव्हीला ३५ मीटर, म्हणजे तारेच्या दोन्ही बाजूंना त्याच्या निम्मं. बफरमध्ये पूर्ण रुंदी लिहिली की पट्टा दुप्पट होतो.

विदर्भात कागदावर 'झुडपी जंगल' असेल तर तो गट लालच. जागेवर एकही झुडूप नसलं तरी. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ही जमीन वनच असल्याचं सांगितलं आहे.

पिवळ्यात गायरान, भोगवटादार वर्ग दोनच्या जमिनी, आदिवासी खातेदारांच्या जमिनी (जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मुळे भाड्याने द्यायलाही पूर्वपरवानगी लागते), आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा किंवा दावा असलेले गट.

पाणंदी विसरू नका. चित्रात त्या दिसत नाहीत, कारण नांगरल्या गेलेल्या असतात. गावनकाशावर दुहेरी तुटक रेघ म्हणजे गाडीवाट, साडेसोळा ते एकवीस फुटांची. एकेरी तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फुटांची. त्या आखा आणि रुंदीप्रमाणे बफर काढून लालमध्ये घाला. प्रकल्पाचं कुंपण पाणंदीवर आलं की काम बंद पडतं, आणि ते बंद पाडणाऱ्याची बाजू बरोबर असते.

## ७. उतार, सावली, पाणी

उंचीचा डेटा आधी ३२६४३ किंवा ३२६४४ मध्ये रीप्रोजेक्ट करा ('बायलिनिअर' पद्धतीने), मगच 'स्लोप' चालवा. अंशांतल्या डेटावर थेट चालवलं तर सपाट माळही ८५-९० अंशांचा कडा दिसतो, कारण आडवं अंतर अंशांत आणि उंची मीटरमध्ये धरली जाते.

३० मीटरच्या पिक्सेलमध्ये पाच मीटरची ओघळ दिसत नाही, ती चित्रावरून हाताने आखा. शिवाय कोपर्निकसची उंची झाडांच्या शेंड्यांसकट असते, त्यामुळे आमराईच्या कडेला खोटा उतार उमटतो.

सावलीसाठी एक आकडा पुरे. १९ अंश अक्षांशावर २१ डिसेंबरला, सूर्यवेळेनुसार सकाळी नऊला, दहा मीटरच्या झाडाची सावली सुमारे १८ मीटर वायव्येला पडते. दुपारी बाराला ९ मीटर उत्तरेला. म्हणून जागेच्या पूर्व, पश्चिम आणि दक्षिण कडेला उंच झाडं किंवा टेकाड असेल तर उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. उत्तरेच्या झाडांची चिंता नको, ती तोडण्याचा प्रस्तावही नको.

पाणी कुठे साचतं ते ऑक्टोबरच्या चित्रात बघा. काळ्या जमिनीत पावसाळ्यात फुगणं आणि उन्हाळ्यात भेगा पडणं असतं. खांबांचा पाया महाग होतो. बाद करण्याइतकं हे कारण नाही, पण नोंद हवी.

## ८. सलग तुकडे आणि उपकेंद्र

उरलेल्या गटांतून लाल थर 'डिफरन्स'ने वजा करा. आधी दोन्ही थरांवर 'फिक्स जिऑमेट्रीज' चालवा, नाही तर मध्येच अडतं. मग 'डिझॉल्व्ह' (लागून असलेले गट एक करायला), त्यानंतर 'मल्टिपार्ट टू सिंगलपार्ट्स' (सुटे तुकडे वेगळे करायला). हे शेवटचं राहिलं तर गावाच्या दोन टोकांचे तुकडे एकच समजून क्षेत्र सांगितलं जातं.

पाच एकर भरतात, पण जागा वीस मीटर रुंद आणि एक किलोमीटर लांब, असंही होतं. उणे २० मीटरचा बफर आणि त्यावर अधिक २० मीटरचा बफर काढा; ४० मीटरपेक्षा अरुंद पट्टे गळून पडतील. उरलेल्या तुकड्यांचं क्षेत्र मोजा, अटीपेक्षा लहान ते काढून टाका.

उपकेंद्राचा बिंदू ऑनलाइन नकाशावरच्या नावावरून घेऊ नका. बऱ्याचदा ती पिन महावितरणच्या कार्यालयावर असते आणि यार्ड दुसरीकडेच. चित्रात रोहित्रं दिसतात त्या आवारावर बिंदू ठेवा. पात्रतेसाठी हवाई अंतर, खर्चासाठी वाहिनीचा मार्ग, असे दोन वेगळे रकाने करा. वाहिनी रस्त्याच्या कडेने जाते. हवाई सव्वातीन किलोमीटर सहज साडेचार होतं. आणि सर्वांत जवळच्या उपकेंद्रात क्षमता शिल्लक आहे का, ते नकाशा सांगणार नाही, महावितरणला लेखी विचारा.

## ९. शिवारात जाऊन तपासा

आता तीन-चार तुकडेच उरले असतील. मोबाइलवर क्यूजीआयएसचे प्रकल्प उघडणाऱ्या 'क्यूफील्ड' अ‍ॅपमध्ये प्रकल्प टाका, पार्श्वभूमीचं चित्र एमबीटाइल्स (इंटरनेटशिवाय उघडणारी फाइल) करून सोबत घ्या. माळावर रेंज नसते. कोतवाल आणि गुरं राखणारं कुणी तरी बरोबर हवं. शीव एकाला माहीत असते, वापर दुसऱ्याला.

मोबाइलचा जीपीएस उघड्यावर तीन ते पाच मीटर अचूक असतो, झाडाखाली त्याहून वाईट. अ‍ॅपमध्ये अचूकतेचा आकडा पाच मीटरच्या आत येईपर्यंत थांबा, मग बिंदू घ्या. प्रत्येक तुकड्यावर चार दिशांना चार फोटो, ओघळींची खोली, विहीर, कुपनलिका, नवी घरं, गुरांची वाट, ट्रक आत येईल का, एवढं नोंदवा.

सावधान: बांधावरून मोबाइल घेऊन चाललात म्हणजे मोजणी झाली नाही. ती रेघ कुणाला 'तुमची हद्द' म्हणून दाखवू नका.

## १०. ग्रामसभेपुढचा नकाशा

ए-१ कागदावर १:५००० प्रमाण घ्या. सुमारे तीन बाय सव्वाचार किलोमीटरचं शिवार मावतं. देऊळ, शाळा, तळं, वस्त्यांची नावं गावात म्हणतात तशीच लिहा. पीडीएफ काढताना मजकूर 'पाथ' म्हणून निर्यात करा, नाही तर छापखान्यात जोडाक्षरं फुटतात. 'फिट टू पेज' बंद हवं. छापून आल्यावर प्रमाणपट्टी फूटपट्टीने मोजा. १:५००० ला ५०० मीटर म्हणजे बरोबर दहा सेंटिमीटर.

छापील नकाशावर खातेदारांची नावं नकोत, फक्त गट नंबर. नावांसकट पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर गेली की सभेच्या आधी दलाल बांधावर पोचतात. लाल-पिवळा थर मात्र लपवू नका. एखादा गट का वगळला याचं उत्तर त्यातच असतं. नकाशावर ट्रेसिंग पेपर अंथरा आणि लोकांना चराई, पाणवठे, यात्रेची जागा त्यावर आखू द्या. सभा संपल्यावर तो कागद स्कॅन करा, चौथ्या टप्प्याच्याच पद्धतीने बसवा आणि आठवा टप्पा पुन्हा चालवा. बहुधा एखादा तुकडा लहान होतो, कधी एखादा पूर्ण जातो.

ठरावात क्षेत्र लिहिताना सातबाऱ्यावरचा आकडा लिहा, पडद्यावरचा नव्हे. नकाशाचा उल्लेख 'संदर्भासाठी' एवढाच. मग निवडलेल्या गटांच्या मोजणीसाठी भूमी अभिलेखकडे अर्ज करा. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेखचा अधिकृत मोजणी नकाशा, आली की तिच्या हद्दी नव्या थरात आखा आणि तुमचा जुना थर न पुसता शेजारी ठेवा. भाडेकरारातलं क्षेत्र, कुंपणाची रेघ आणि पाणंदीपासूनचं अंतर यापुढे 'क' प्रतीवरूनच घ्यायचं.